कॅरॅमल-व्हॅनिलाचा परफ्यूम कागदावर एक आणि अंगावर दुसरा का होतो?

प्रश्न थोडक्यात असा. जळगावच्या एका ताईंनी दिवाळीत कॅरॅमल-व्हॅनिलाचा परफ्यूम घेतला. दुकानात कागदी पट्टीवर तो आवडला आणि थंडीभर अंगावरही छान राहिला. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपासच्या लग्नात तोच लावला, तर अर्ध्या तासात त्या गोडाने त्यांनाच मळमळायला लागलं. बाटली खराब झाली, माल बनावट निघाला, की त्वचेतच काही दोष आहे? असा परफ्यूम निवडायचा आणि लावायचा कसा? घरी असा साधा गोड सुगंध करता येईल का?

आधी निकाल सांगून टाकू. बाटली बहुधा ठीक आहे, त्वचाही ठीक आहे. चुकला तो हवामानाचा आणि प्रमाणाचा हिशेब. पुरणात गुळासोबत वेलची, जायफळ, सुंठ आणि चिमूटभर मीठ असतं म्हणून ते खाववतं. परफ्यूममध्येही गोडाला आवर घालणारे घटक असतातच, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात नेमके तेच आधी उडून जातात. मागे उरतो नुसता पाक.

हा गोड वास कशाचा असतो

खाण्याच्या पदार्थांची आठवण देणाऱ्या परफ्यूमना फ्रेंचमध्ये 'गुर्मां' म्हणतात, म्हणजे खादाड, खाण्याचा शौकीन. तसं पाहिलं तर नाकाला गोड कळत नाही, गोड कळतं जिभेला. ज्या वासांबरोबर आपण लहानपणापासून गोड खात आलो, ते वास नाक गोड समजू लागतं. म्हणून ज्याच्या घरी चुलीवरच्या खापरावर मांडे होतात, त्याच्या नाकाला खरपूस कणीक आणि वितळलेला गूळ यांचा वास गोडाचा वाटतो, तर दुसऱ्या कुणाला आइस्क्रीमच्या कपामुळे व्हॅनिला.

घटक तसे मोजकेच आहेत. पहिला व्हॅनिलिन. व्हॅनिलाच्या शेंगेतला हा मुख्य सुगंधी रेणू १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी सूचिपर्णी झाडांत सापडणाऱ्या कोनिफेरिनपासून प्रयोगशाळेत बनवला. त्याचा धाकटा पण दांडगा भाऊ म्हणजे इथाइल व्हॅनिलिन. तो व्हॅनिलिनच्या दोन ते चार पट जोरदार लागतो. दुसरा महत्त्वाचा घटक इथाइल माल्टॉल. सारंगखेड्याच्या यात्रेत बुढ्ढी के बालच्या गाडीजवळ उभं राहिलं की जो वास येतो, तो जवळजवळ हाच. मग कूमरिन, म्हणजे टोंका नावाच्या झाडाच्या बीमधला वाळलेल्या गवताचा, किंचित बदामी वास. लॅक्टोन गटातले रेणू दूध, साय, खोबरं आणि पीच यांचा भास देतात. गॅमा-नोनालॅक्टोन हे खोबऱ्याचं, डेल्टा-डेकालॅक्टोन सायीचं. भाजकेपणा येतो तो पायराझीन गटामुळे. शेंगदाणे, कॉफी, कोको भाजताना जो खमंग वास घरभर पसरतो त्यात हेच रेणू असतात.

सोटोलोनचं मात्र वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या नाकाला तो फसवतो. अत्यल्प प्रमाणात तो जळक्या साखरेसारखा, काकवीसारखा लागतो. थोडा जास्त झाला की सरळ मेथी. मेथीदाण्याच्या वासाचा तोच मुख्य रेणू. परदेशी माणसाला ज्यात मेपलचा पाक दिसतो, त्यात आपल्याकडच्या माणसाला मेथीचे लाडू दिसतात. 'हा परफ्यूम मसाल्यासारखा का वाटतो' अशी तक्रार आली, तर निम्म्या वेळा उत्तर इथे सापडतं.

यातलं काहीच फार नवं नाही. गेरलां या फ्रेंच परफ्यूम कंपनीच्या १८८९ च्या 'जिकी'त व्हॅनिलिन आणि कूमरिन होते आणि १९२५ च्या 'शालिमार'मध्ये इथाइल व्हॅनिलिन. पण गोडाचा स्वतंत्र संप्रदाय सुरू झाला तो १९९२ मध्ये, फ्रेंच फॅशन डिझायनर थिएरी म्युग्लेरच्या 'एंजल' परफ्यूमपासून. ऑलिव्हिए क्रेस्प या परफ्यूमकाराने त्यात इथाइल माल्टॉल सढळ हाताने घातलं, आणि त्यासमोर पॅचौलीच्या तेलाचा मोठा डोस ठेवला. पॅचौली म्हणजे फुलबाजारात दवणा-मरव्याबरोबर मिळणाऱ्या पाचेच्या कुळातली वनस्पती. ओल्या मातीसारखा, कापरासारखा, थोडा कडवट असा तिचा वास. गोडाला कडू भिडवलं म्हणून 'एंजल' टिकला. त्याच्या नकलांपैकी पुष्कळांनी गोड तेवढं उचललं, पॅचौली कमी केली. आज बाजारात स्वस्त गोड परफ्यूम डोक्यात जातात त्याचं मूळ तिथे आहे.

अंगावर काय काय घडतं

खोक्यावर तीन मजली पिरॅमिड छापलेला असतो. वर संत्रं, मध्ये फुलं, खाली व्हॅनिला. तो वाचून लोकांना वाटतं की आधी संत्रं संपेल आणि मग व्हॅनिला सुरू होईल. गोड परफ्यूममध्ये असं होत नाही. व्हॅनिलिन आणि इथाइल माल्टॉल हे घन, हळू उडणारे पदार्थ आहेत, पण नाकाला ते इतक्या कमी प्रमाणात कळतात की पहिल्या मिनिटापासून त्यांची हजेरी असते आणि शेवटपर्यंत तेच राहतात. म्हणजे गोड जागेवरच उभं असतं, त्याच्या सोबतचे एकेक करून उठून जातात. 'परफ्यूम उलगडतो' असं म्हणतात. गोड परफ्यूमच्या बाबतीत ती प्रत्यक्षात वजाबाकी असते.

पहिली दोन मिनिटं अल्कोहोलची. या काळात मनगट नाकाशी नेऊ नये, नुसतं झोंबतं. दोन्ही मनगटं एकमेकांवर घासू नयेत हेही खरं, पण घासल्याने रेणू मोडतात हे कारण खोटं. घासल्याने ऊब येते, थर पातळ पसरतो आणि वरचे हलके वास लवकर उडतात, इतकंच.

मग पाच ते वीस मिनिटं फळांची. संत्र्यातलं लिमोनीन, नाशपाती आणि केळीचे एस्टर या काळात दिसतात आणि जातात. केळीचं उदाहरण जळगावकराला चटकन पटेल. पिकलेल्या केळीचा ओळखीचा वास मुख्यतः आयसोअमाइल अॅसिटेटचा, आणि ते १४२ अंशांना उकळतं. तुलनेसाठी, व्हॅनिलिनचा उत्कलनबिंदू २८५ अंश. त्यामुळे 'बनाना' लिहिलेला कोणताही परफ्यूम अंगावर पंधरा-वीस मिनिटांनी केळीचा राहत नाही. तो टिकल्यासारखा भासवायचा तर परफ्यूमकार खाली साय आणि लवंगेची बारीक छटा ठेवतो. रावेर-सावद्याकडच्या पिकवणी गोदामात शिरल्यावर केळीच्या मागे जो किंचित मसाल्याचा वास येतो, तो उगाच नाही. पिकल्या केळीत लवंगेतलं युजेनॉल खरोखरच असतं.

वीस मिनिटं ते तासाभराचा टप्पा सगळ्यात फसवा. भाजकेपणा देणारे पायराझीन फार जोरदार असतात पण हलकेही असतात, आणि ते याच वेळात ओसरतात. कॉफी, कोको, भाजलेले दाणे असं वर्णन वाचून घेतलेला परफ्यूम तासाभराने नुसता गोड का होतो, त्याचं हे उत्तर. बाटलीतली कॉफी कुणी चोरलेली नसते.

एक ते चार तासांत लॅक्टोनची साय, फुलं, वेलची-दालचिनीचा उरलेला अंश आणि पॅचौली-चंदनासारखी लाकडं यांचा मेळ दिसतो. परफ्यूमची खरी पारख इथे होते. चांगला असेल तर गोडाला अजून कुणाचा तरी आधार असतो. वाईट असेल तर चौथ्या तासाला फक्त बुढ्ढी के बाल उरतात. पुढे सात-आठ तासांनी व्हॅनिलिन, कूमरिन, कस्तुरीसारखे मस्क आणि पॅचौली यांचा पातळ थर राहतो. पावडरीसारखा, अंगाच्या वासात मिसळलेला. पुष्कळांना सगळ्यात आवडतो तो हाच थर, आणि दुकानात तो कधीच भेटत नाही.

कागदी पट्टीवर वेगळं का लागतं

पट्टी खोलीच्या तापमानाला असते, तिला घाम नाही, तेल नाही. म्हणून तिच्यावर हलके घटक बराच वेळ तग धरतात आणि मेळ जमल्यासारखा वाटतो. मनगटाची त्वचा थंडीच्या सकाळी तीस अंशांच्या आसपास किंवा खालीही असते, मे महिन्याच्या दुपारी पस्तीस-छत्तीसच्या घरात. अशा पदार्थांचा बाष्पदाब, म्हणजे हवेत उडून जाण्याचा जोर, तापमान दहा अंशांनी वाढलं की ढोबळमानाने दुप्पट ते अडीचपट होतो. पाच-सहा अंशांचा फरकही म्हणूनच मोठा. जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला टेकलेला असताना वर झळा सुरू असतात, वाहती कोरडी हवा आणखी ओढून नेते. संत्रं पाच मिनिटांत संपतं, भाजकेपणा वीस मिनिटांत. त्याच वेळी व्हॅनिलिन आणि माल्टॉलही थंडीच्या तुलनेत जास्त वेगाने हवेत येत राहतात. आवर घालणारं गेलं आणि गोडाचा ढग मोठा झाला. दोन्ही एकदम.

आता त्वचेबद्दल. 'माझ्या त्वचेचा पीएच वेगळा आहे म्हणून परफ्यूम बदलतो' हे वाक्य फार ऐकायला मिळतं. निरोगी त्वचा थोडी आम्लच असते, साधारण साडेचार ते साडेपाच, आणि एवढ्याशा फरकाने चार-सहा तासांत सुगंधी रेणू बदलत नाहीत. फरक पडतो तो तेल, ऊब, घाम आणि आधी लावलेल्या गोष्टींनी. तेलकट त्वचा जड घटकांना धरून ठेवते म्हणून तिच्यावर व्हॅनिला लांबतो. कोरड्या, भेगाळलेल्या त्वचेवर तोच परफ्यूम दोन तासांत हवेत. घामाचं गणित वेगळं. काखेतल्या जंतूंमुळे घामात आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होतं, त्याचा वास जुन्या चीजसारखा, आणि त्यावर सायीचे लॅक्टोन व व्हॅनिला बसले की नासलेल्या बासुंदीची आठवण येते. गोड परफ्यूम काखेजवळ लावू नये, उन्हाळ्यात तर नाहीच. लग्नात गजरा, जेवणाच्या पंगतीचा वास आणि शंभर जणांचा घाम यांची भर पडते, तेव्हा मळमळ होणं अगदी साहजिक.

आणखी एक गोष्ट. नाक एका वासाला पाच-दहा मिनिटांत सरावतं. माणसाला वाटतं परफ्यूम उतरला, म्हणून तो पुन्हा फवारतो. शेजारचा मात्र दुप्पट डोस सोसत असतो. काही जणांना मोठ्या रेणूंचे ठरावीक मस्क मुळातच कळत नाहीत, त्यांच्या बाबतीत हे आणखी वाढतं. उतरला की नाही हे घरातल्या दुसऱ्या कुणाला विचारावं.

विकत घेताना

पट्टीचा उपयोग नको ते बाजूला काढण्यापुरता. पसंत पडलेल्या दोनच परफ्यूमचा एकेक फवारा दोन हातांच्या कोपराखाली, आतल्या बाजूला घ्यावा आणि दुकानाबाहेर पडावं. तिसरा घेऊ नये, नाक गोंधळतं. दुकानात कॉफीच्या बिया हुंगायला देतात, त्याने काही विशेष होत नाही. दारात येऊन साध्या हवेत दोन मिनिटं उभं राहिलं किंवा स्वतःच्याच शर्टाची बाही हुंगली तरी तेच काम होतं.

मग वेळ लावून हुंगायचं. दहा मिनिटांनी, चाळीस मिनिटांनी, तीन तासांनी आणि झोपताना. प्रत्येक वेळी मोबाइलमध्ये दोन शब्द लिहून ठेवावेत. निर्णय तीन तासांच्या नोंदीवर घ्यावा. त्या वेळी गोडाशिवाय दुसरी एक तरी गोष्ट स्पष्ट ओळखता आली पाहिजे, मग ते लाकूड असो, पॅचौली असो, मिठासारखा खारेपणा असो की तंबाखूचं पान. ओळखता आली नाही तर परफ्यूम कितीही महाग असो, तो आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच चालेल. आणि ही परीक्षा ज्या ऋतूत वापरायचा त्याच ऋतूत घ्यावी. दिवाळीत घेतलेला निर्णय आखाजीला लागू पडत नाही, वरच्या ताईंचं नेमकं तेच झालं.

उन्हाळ्यासाठी गोड हवंच असेल तर दूध, खोबरं, भात, पिस्ता, हिरवी वेलची या अंगाचं पाहावं. कॅरॅमल, प्रालिन, मार्शमॅलो, 'शुगर' हे शब्द खोक्यावर दिसले की इथाइल माल्टॉल जास्त आहे असं समजावं. भाताचा वास देणारा रेणू, टू-अॅसिटिल-वन-पायरोलीन, बासमती आणि आंबेमोहोर यांच्यात असतो तसाच सातपुड्यातल्या मोहफुलांतही. त्यामुळे भातावर बेतलेला परफ्यूम नंदुरबारकडच्या माणसाला ओळखीचा वाटला तर त्यात आश्चर्य नाही.

बनावट मालाबद्दल एवढंच: रंगावरून ठरवू नका. व्हॅनिलिन असलेला खरा परफ्यूमही उजेडाने आणि वेळेने पिवळा, मग तपकिरी होतो. विशेषतः त्यात संत्र्याच्या फुलांचं मिथाइल अँथ्रानिलेट असेल तर दोघांची प्रक्रिया होऊन रंग लवकर गडद होतो. वास ठीक असेल तर बाटली ठीक. पहिल्या मिनिटापासून एकसारखा, टोकदार, आणि तासात साफ गायब, हे लक्षण मात्र संशयाचं.

लावताना

एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिलिलिटर द्रव येतो. 'ओ द परफ्यूम' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीत १५ ते २० टक्के सुगंधी तेल असतं, म्हणजे फवाऱ्यामागे १५-२० मिलिग्रॅम. थंडीत तीन-चार फवारे चालतात. मार्चपासून दोन, आणि मे महिन्यात एक, तोही गळ्यावर नाही. गळा नाकाच्या थेट खाली असतो, तिथला ढग सगळा आपल्यालाच लागतो. गुडघ्यामागे, पाठीवर कमरेच्या वर, किंवा सुती कपड्याच्या आतल्या बाजूला एक फवारा पुरतो. सुती कापड थंड असतं आणि वास धरतंही चांगलं, त्यामुळे उन्हाळ्यात अंगापेक्षा कापड बरं. पण पांढरा सदरा किंवा फिकी साडी यावर मारू नये. व्हॅनिलिनचे पिवळे डाग काही दिवसांनी वर येतात आणि धुऊनही पूर्ण जात नाहीत. दागिने परफ्यूम सुकल्यावर घालावेत. मोत्याला आणि मुलामा दिलेल्या दागिन्याला परफ्यूम सोसत नाही.

थंडीत उलट अडचण. कोरड्या वाऱ्याने हातपाय उलतात आणि परफ्यूम टिकत नाही. आंघोळीनंतर साधं, बिनवासाचं क्रीम लावून पाच मिनिटांनी त्यावर फवारा घ्यावा. क्रीम नसेल तर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात चालेल. खोबरेल तेल चालतं, पण त्याचा स्वतःचा वास व्हॅनिलात मिसळतो. कुणाला तो आवडतोही.

बाटली बाथरूमच्या खिडकीत, पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. आतल्या खोलीतल्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा, खोक्यासकट. उष्णतेने आधी संत्र्या-लिंबाचे घटक बिघडतात. ऑक्सिडाइज झालेलं लिमोनीन त्वचेला अॅलर्जीही आणू शकतं, तेव्हा वार्निशसारखा वास येऊ लागलेली बाटली अंगाला लावू नये.

घरी करायचं तर

अल्कोहोलचा परफ्यूम घरी करण्याच्या नादी लागू नका. शुद्ध इथाइल अल्कोहोल उत्पादन शुल्काच्या परवान्याखाली येतं, आणि औषधाच्या दुकानातलं स्पिरिट त्याच्या जागी चालत नाही, त्याचा वासच शेवटपर्यंत डोकावतो. तेलही फारसं उपयोगाचं नाही, कारण व्हॅनिलिन तेलात नीट विरघळत नाही, तळाशी सुया होतात. डायप्रॉपिलीन ग्लायकॉल, व्यवहारात डीपीजी, घ्यावं. सुगंधी रसायनं विकणाऱ्यांकडे ते मिळतं. अंगावर किंचित चिकट लागतं, पण वास नाही आणि उडतही लवकर नाही. स्वयंपाकाचं व्हॅनिला इसेन्स अजिबात नको. त्यात पाणी आणि रंग असतो, आणि प्रमाण किती ते कळत नाही.

पहिली गरज काट्याची. थेंब मोजून काम होत नाही, प्रत्येक तेलाचा थेंब वेगळा असतो. ०.०१ ग्रॅम दाखवणारा सराफी काटा पुरे. जळगावात तो शोधायला लांब जावं लागू नये.

आधी द्रावणं करून ठेवावीत, सगळी वजनाने. व्हॅनिलिन १० टक्के, म्हणजे १ ग्रॅम व्हॅनिलिन आणि ९ ग्रॅम डीपीजी. कूमरिन १० टक्के. इथाइल माल्टॉल फक्त ५ टक्के, कारण १० टक्के केलं तर डिसेंबरच्या रात्री खडे जमतात. गॅमा-नोनालॅक्टोन १० टक्के, वेलचीचं तेल १० टक्के. काचेची बाटली पन्नासेक अंशांच्या गरम पाण्यात ठेवून हलवली की घन पदार्थ विरघळतात. थेट आचेवर ठेवू नये.

मग १० ग्रॅमच्या रोल-ऑनसाठी असं घ्या: व्हॅनिलिनचं द्रावण २.० ग्रॅम, कूमरिनचं ०.५, इथाइल माल्टॉलचं ०.४, वेलचीचं ०.२, नोनालॅक्टोनचं ०.१, पॅचौलीचं निव्वळ तेल ०.१२, गोड संत्र्याचं तेल ०.०५, आणि उरलेलं ६.६३ ग्रॅम डीपीजी. क्रम महत्त्वाचा. आधी डीपीजीत पॅचौली, मग द्रावणं, संत्रं सगळ्यात शेवटी. झाकण लावून आठवडाभर अंधारात ठेवा. पहिल्या दिवशी पॅचौली आणि वेलची टोचतात, सातव्या दिवशी बसतात.

यात काय बिघडतं तेही सांगतो. मिश्रण गढूळ झालं तर संत्रं जास्त पडलं आहे. लिंबूवर्गीय तेलं डीपीजीत थोडीच मावतात, ती वाढवण्याचा मोह टाळावा. तळाशी सुया दिसल्या तर बाटली पुन्हा कोमट पाण्यात धरा, वास बिघडलेला नसतो. द्रव गुलाबी-जांभळट झाला तर लोखंड शिरलं. इथाइल माल्टॉल लोखंडाशी रंगीत संयुग करतं, म्हणून लोखंडी चमचा, गंजकी झाकणं आणि रोल-ऑनची स्वस्त पोलादी गोळी टाळून काचेची किंवा प्लॅस्टिकची गोळी घ्यावी. फार गोड झालं तर डीपीजी वाढवून उपयोग नाही, त्याने सगळंच पातळ होतं. पॅचौली ०.०३ ग्रॅमने वाढवून तीन दिवस थांबा. उलट मातीचा वास जास्त वाटला तर वेलची, माल्टॉल नको. माल्टॉल हा गुळासारखा हात सैल सोडून घालण्याचा पदार्थ नाही, मिठासारखा आहे. वरच्या कृतीत तो फक्त ०.२ टक्के बसतो आणि तेवढा भरपूर होतो.

संत्र्याऐवजी लिंबू किंवा बर्गमॉट (लिंबाच्याच कुळातलं एक फळ) घालावंसं वाटेल. थंड दाबाने काढलेल्या बर्गमॉट तेलात बर्गाप्टेन असतं आणि ते लावून उन्हात गेलं की त्वचा भाजते, काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. इफ्रा या आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेने अंगावर राहणाऱ्या उत्पादनात त्याला ०.४ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. आपल्या उन्हात ते वापरूच नये. गोड संत्र्याला हा धोका नाही. दालचिनीच्या सालीचं तेलही टाळा, ते त्वचेला भाजतं आणि अॅलर्जी आणतं. तयार मिश्रणाचा एक ठिपका कोपराच्या आत लावून चोवीस तास पाहावं. खाज किंवा लाली आली तर ती बाटली कपड्यापुरती.

ताईंच्या बाटलीपुरतं शेवटचं: ती फेकू नका. तिच्याखाली पॅचौलीचं किंवा वाळ्याचं अत्तर कानामागे टिकलीएवढं लावा, दहा मिनिटं थांबा, आणि मग परफ्यूमचा एकच फवारा पदराच्या आतल्या बाजूला घ्या. वाळा मूळचाच जड आणि थंड वासाचा आहे, तो मे महिन्यातही पाच-सहा तास हलत नाही. जो आवर उन्हाने काढून नेला तो असा बाहेरून परत देता येतो. पदर रेशमी असेल तर आधी कोपऱ्यावर एक फवारा मारून दोन दिवस डाग पाहून घ्या.